आसेनातीआत्याचे पाय

सावाई, सामोआ
६ फेब्रुवारी २०१२

ती. सिनिवाताईस,
सलाम वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी बायका एकमेकींचे पाय धुतात, तेव्हा बाबांनी आसेनातीआत्याला उठवलं, असं मी कळवलं होतं. बाबा पुरुषांच्या बाजूला होते. आत्यासमोरचं पाण्याचं भांडं मी उचलून बाजूला नेलं.

तिच्या केसांना भट्टीच्या धुराचा वास येत होता. म्हणजे आमच्या शब्बाथाला, सगळं काम बंद ठेवायच्या सातव्या दिवशी, तिने स्वयंपाक केला होता. तारीखरेषेच्या पलीकडे जायला सरकारने डिसेंबरातला एक शुक्रवार गाळला, पण देवाने गाळला नाही, असं बाबा म्हणतात. त्यांच्या मोजणीने सातवा दिवस आता रविवारी येतो. आत्या शनिवारच पाळते. तशा माणसाचे पाय धुवायचे नाहीत, हा बाबांनी चर्चच्या मंडळीला घालून दिलेला नियम. मी तो पाळला. आत्या कोरडे पाय चपलांत घालून निघून गेली.

मला अक्षरं तिने शिकवली. तारण येशूवरच्या विश्वासाने मिळतं, नियम पाळून नाही, हेही तिनेच. मग नियम पाळूनही मला चोरी केल्यासारखं का वाटतं?

लोभ कमी झाला असेल तर तसं लिही.
तुझी,
मोएलांगी


ऑकलंड
१९ फेब्रुवारी

चि. मोएस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी झुरळ मारलंस तरी तू पश्चात्ताप करायचीस. इथे सगळी मंडळी शनिवार पाळते. विमानाने इकडे आले तर त्यांचा सातवा दिवस कुठे जाईल, असं बाबांना विचार. नको, विचारू नकोस, जेवण टाकतील.

आत्याचं मूत्रपिंड फार बिघडलंय. उपचारांसाठी तिला मी इकडे आणते आहे. १५ मार्चच्या गुरुवारी विमानतळाकडे जायला तिची बोट. ती परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मला काय विचारतेस, तिला विचार.

रागावले नाही, लोभ आहे.
सिनिवा


सावाई
१२ मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

आत्याला विचारलं. म्हणाली, माफ त्याच दिवशी केलं, आता वाळत घातलेले कपडे आण. पाय धुवू का म्हटलं, तर म्हणाली, आधी बापाला विचार.

बाबा म्हणाले, पुढच्या प्रभुभोजनाला, तीन महिन्यांनी, आणि तोवर तिने रविवार मान्य केला तर. तिच्याकडे तीन महिने नाहीत, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग तिनेच घाई करावी. ताई, मला इतका संताप आला की हातातली बशी आपटली.

जानेवारीपासून मी एकही शब्बाथ मोडला नाही. त्या सगळ्या दिवसांत मला देवाची आठवण झाली नाही, घड्याळाची झाली. एवढ्यानेच तारण होणार असेल तर येशू कशाला आला होता?

आज बाबांना सांगितलं की परवानगी मागत नाही, कळवते आहे. त्यांनी पाठ फिरवली. आत्या म्हणाली, ठरलंच असेल तर पाणी कोमट आण. मी लपून करणार नाही, बाबांच्या ओसरीवरच करणार.

लोभ असू दे, आणि कोणाचाच शब्बाथ नसलेल्या बुधवारी, १४ मार्चला सकाळी, जरा जास्त.
तुझी,
मोए