भाऊजींनी रोवलेले खांब

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील (गोळ्या घेतेस ना? की नुसत्याच आणून ठेवतेस?). इकडे आम्ही ठीक. भाऊजी फारच मजेत आहेत, म्हणूनच हे पत्र.

रविवारी आमचं घर बघायला गिऱ्हाईक येतंय, हे तुला माहीत आहेच. परसातली जमीन बारा महिने ओली, तेव्हा निदान कुंपण तरी नीट दिसावं म्हणून मी गवंड्याला खांब रोवायला बोलावलं होतं. भाऊजींनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. (जन्मभर विम्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला काँक्रीटचं इतकं ज्ञान कुठून आलं, हे तूच जाणे.) खड्डे खणले, तर खाली पाणी. मी बादलीने उपसायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे, काँक्रीटला पाणी लागतंच." आणि सिमेंट, वाळू, खडी कोरडीच आत ओतली. मग एका हातात ओळंबा धरून खांबाला मिठी मारून उभे राहिले. चहासुद्धा आमच्या हिने त्यांना तिथेच नेऊन पाजला.

सकाळी बघतो तर काँक्रीट टणक झालेलं आणि घराशेजारचा खांब खाली भिंतीला चिकटलेला, वर वीतभर लांब. मी नमतं घेऊनच म्हटलं, "भाऊजी, खांब कललाय." त्यांनी ओळंबा लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "खांब सरळ आहे. तुझं घर कललंय."

एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले. आता परसात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून घर दाखवतात. दूधवाला मान तिरकी करून बघून गेला. समोरच्या काकू (ज्या एरवी आमच्याकडे सरळ बघत नाहीत) पाहुण्यांना घेऊन आल्या. ताई, मला झोप नाही. वर्षभरात आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. ते बिचकलं तर आम्ही या चिखलात कायमचे रुतलो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
टेकीला आलेला भाऊ

ता. क. : शनिवारच्या आत त्यांना परत बोलाव. स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं कळव, धावत येतील. (ते आल्यावर तो खरोखरच गळेल, तेवढी तयारी ठेव.)

ता. क. २ : आत्ता ते आंघोळीला गेले तेव्हा मी गुपचूप ओळंबा भिंतीला लावून पाहिला. शनिवारची वाट बघू नकोस. आजच बोलाव.