चुना लावलेली भिंत

वहिनी,

तू उठायच्या आत निघतोय, कारण हे तुझ्यासमोर बोलायला जमणार नाही. कॅम्प पाचच्या भंगार बाजारात इंजिनाचं जुनं हेड मिळतं का बघतो आणि भटजी यायच्या आत परत येतो.

आज वर्षश्राद्धाला दादाची ती चार चाकांची एटीव्ही बाईक सुरू करून दारात आणतो म्हटलं होतं, ती येणार नाही. काल संध्याकाळी सुरू केली आणि दहा मिनिटांत इंजिन जाम झालं. २०११च्या इंजिनावर मी २०१६चं हेड, म्हणजे वरचा भाग, चढवलं होतं. बोल्ट सगळे बसले, म्हणून वाटलं जमलं. पण दोघांची ऑइलची भोकं वेगळ्या जागी आहेत. वर ऑइल पोचलंच नाही.

कुठल्या सालाचं काय कशाला चालतं, ते दादाने गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. दसऱ्याला तू म्हणालीस, ती भिंत राहू दे. मीच शहाणपणा केला आणि चुना मारला. वर तुलाच सुनावलं, की घाण भिंत बघून गिऱ्हाईक परत जातं.

काल ब्लेडने चुना खरवडून बघितला. खडूही त्याच्यासोबत निघून आला. मग हात आवरला.

पान्यांच्या कपाटामागे मात्र माझा ब्रश पोचला नव्हता. तिथे इंजिनाचं काहीच नाही. दादाच्याच अक्षरात तुझं नाव आहे आणि तुझा लग्नाआधीचा फोन नंबर.

कपाट सरकवून ठेवलंय. गॅरेजची किल्ली देवाजवळ आहे. मी येण्याआधी एकटीच जाऊन बघ.

हरेश