काकांचा डावा गाल

मामा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. नमस्कार आणि विचारपूस त्यानंतर आहे, विसरलेली नाही.

१. काका गेल्यावर मावशीने त्यांचा चेहरा लाकडात कोरून मागितला. फोटो आता तिला दिसत नाहीत.
२. मी तो संगणकावर घडवला आणि मशीनवर कोरला.
३. आई, आमचे कारखान्याचे मालक आणि काकांचे धाकटे भाऊ, म्हणजे ज्यांना दिसतं त्या सगळ्यांनी, हुबेहूब म्हणून सांगितलं.
४. मावशीने त्यावरून दोन्ही हात फिरवले आणि विचारलं, "हा कोण?"
५. त्यानंतर मी तो आणखी दोनदा कोरला. दोन्ही वेळा नापास.
६. आता उजवी बाजू जमली आहे. डावी बाजू तुमच्याकडे आहे.

आता नमस्कार. गुडघा कसा आहे? खोकला गेला का? (आई म्हणाली, दोन्ही प्रश्नांना तुम्ही "बरा आहे" एवढंच लिहाल. म्हणून गुडघ्याचं उत्तर अंशांत द्यावं, किती वाकतो ते. खोकल्याचं दिवसातून किती वेळा, असं.) इकडे आम्ही ठीक. आईचा रक्तदाब डॉक्टरांच्या मते ताब्यात आहे आणि आईच्या मते डॉक्टर नवशिके आहेत.

पत्र लिहिते आहे कारण तुमचा फोन तुम्ही धाकटीच्या कपाटात, बंद करून, टॉवेलात गुंडाळून ठेवला आहे असं धाकटीनेच कळवलं. लेकीकडे राहायला जाऊन आठ महिने झाले, तेवढ्यात फोन तीनदा चालू झाला आणि तिन्ही वेळा चुकून. कागद बंद करता येत नाही, एवढा एकच विचार त्यामागे आहे. आणि हे आधीच स्पष्ट करते की मला मदत नको आहे, माहिती हवी आहे. मी मशीन चालवायला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "लाकूड तर उंदीरही कोरतो, त्याला कोणी कारागीर म्हणतं का?" त्यावर मी तुम्हाला अचूकतेचे आकडे ऐकवले होते. ते आकडे बरोबर होते आणि आजही आहेत. (आमच्या कारखान्यात त्या मशीनला आता सगळे उंदीरच म्हणतात. नाव तुमचं, श्रेय कोणी देत नाही.)

पहिला प्रयत्न मी मावशीला दाखवलाच नाही, त्यामुळे वर मोजलेला नाही. तरी लिहिते, कारण तुम्हाला त्यात आनंद होईल. संगणकाला चित्राचा चढउतार करड्या रंगात सांगावा लागतो. पांढरं ते उंच, काळं ते खोल, मधलं ते मध्ये. कोणताही फोटो टाकून एक बटण दाबलं की तो आपोआप असा चढउतार बनवतो, आणि तो चुकीचाच बनवतो, हे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकतात. मला माहीत होतं. तरी मी बटण दाबलं. थकले होते असं लिहिता आलं असतं, पण सकाळचे साडेदहा झाले होते आणि मी चांगली ताजीतवानी होते. काकांची मिशी पांढरी, म्हणून ती फळीसारखी बाहेर आली. तिच्यावर चहाचा कप राहील एवढी. (मालकांनी ठेवून पाहिला. राहिला.) चष्म्याची फ्रेम काळी, म्हणून डोळ्यांभोवती दोन खंदक. आणि फोटो काढताना कपाळावर फ्लॅश चमकला होता, त्या ठिकाणी शिंग. आयुष्यात कोणाशी आवाज चढवून न बोललेल्या माणसाला मी शिंग कोरलं. तो तुकडा आता दार उघडं राहावं म्हणून दाराखाली लावतात. शिंग त्या कामाला अगदी योग्य आहे.

मग नीट काम केलं. फोटो नुसता समोर ठेवला आणि एकेक पृष्ठभाग हाताने उचलत गेले, म्हणजे माऊसने. कपाळ, भुवया, गालांची हाडं, मिशीचे केस वेगळे, ओठ वेगळे. सेहेचाळीस तास लागले. सागवानाची फळी, चढउतार सगळा मिळून बारा मिलिमीटर, शेवटचा हात अगदी बारीक गोल टोकाच्या बिटने. भिंतीवर लावला आणि बाजूने दिवा सोडला, तर आई उठून बाहेरच गेली. परत आली ती डोळे पुसत. मालक म्हणाले, "आता बोलतील बघा." आणि मामा, मला वाटलं झालं. मला सहसा असं वाटत नाही.

मावशीच्या खुर्चीजवळ, तिचा हात बसल्या बसल्या पोचेल अशा उंचीवर तो टांगला. तिने दोन्ही तळवे ठेवले. मग बोटं. मग पुन्हा तळवे, जणू काहीतरी खाली राहिलं असेल. "हा कोण?" म्हणाली. आई म्हणाली, "अगं, तेच आहेत!" तर मावशी हसली आणि म्हणाली, "असतील. पण यांना इस्त्री कोणी केली?" आणि लगेच माझा हात चाचपडून धरला आणि म्हणाली, छान झालंय गं, किती मेहनत घेतलीस. ती छान म्हणाली तेव्हा मला कळलं की काम वाया गेलं. वाईट झालेल्या कामाला ती नावं ठेवते, आणि ज्याची आशाच सोडली त्याला छान म्हणते. (तुमच्या त्या डुलणाऱ्या स्टुलालाही ती छान म्हणायची, आठवत असेल.)

चूक कुठे झाली ते शोधायला मला दोन दिवस लागले, आणि उत्तर लाजिरवाणं सोपं होतं. उठावाचं चित्र ही डोळ्यांशी केलेली लबाडी आहे. खरं नाक गालापासून अडीच सेंटिमीटर बाहेर येतं, मी ते चार मिलिमीटरमध्ये बसवते, आणि उरलेलं काम सावली करते. नाकाच्या कडेला उतार जरा तीव्र ठेवला की तिथे सावली पडते आणि बघणाऱ्याला नाक पूर्ण दिसतं. मी हेच शिकले आहे आणि यातच मी चांगली आहे. बोटांना सावली लागत नाही. बोटं चार मिलिमीटरला चारच म्हणतात. मी दृष्टी गेलेल्या बाईसाठी सेहेचाळीस तास खपून फक्त डोळसांसाठीची वस्तू बनवली, आणि डोळसांनी तिचं कौतुक केलं. यात हसण्यासारखं बरंच आहे. मी अजून त्या टप्प्यावर आलेले नाही.

मग ठरलं, लबाडी नको, खरी मापं. लाकडाचे थर चिकटवून दहा सेंटिमीटर जाडीचा ठोकळा केला. पण मापं कुठून आणायची? काकांचे सगळे फोटो समोरून. लग्नाच्या फोटोतही ते कॅमेऱ्याकडे पाहत आहेत आणि मावशी त्यांच्याकडे. घरात विचारलं. आई म्हणाली नाक सरळ, मालक म्हणाले (ते काकांना दोनदाच भेटले होते) पोपटासारखं. शेवटी काकांच्या धाकट्या भावाला बसवून व्हर्नियरने त्यांचं नाक मोजलं. नाक मोजताना माणूस श्वास रोखून धरतो हे मला माहीत नव्हतं. मी तीनदा मापं घेते, सरासरीसाठी. तिसऱ्या वेळेपर्यंत ते जांभळे झाले होते आणि आई ओरडत होती, "अगं सोड त्यांना, एक गेला तेवढं पुरे!" त्या मापांवरून कोरला. मावशीने हात लावला आणि म्हणाली, "हे नाक यांचं नाही, यांच्या घरचं आहे."

यानंतर मी जे करायला हवं होतं ते केलं, म्हणजे जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मावशीपुढे चार किलो माती ठेवली. माहिती तिच्या हातात होती आणि मी घरभर दुसऱ्यांना विचारत फिरत होते. तीन दुपारी ती बसली. ती अधूनमधून बोलत होती, माझ्याशी नाही. "असं कसं, इथे खोल होतं ना तुमचं." चष्म्याच्या दांडीने कानाच्या वर पडलेली खाच तिने काढली. जबड्याखाली जिथे दाढी करताना वस्तरा नेहमी चुकायचा ती जागा तिने बोटाच्या टोकाने खरबरीत केली. नाक अर्थातच दोन्ही अंदाजांपेक्षा वेगळं निघालं, टोकाला किंचित उजवीकडे वळलेलं. कोणत्याही फोटोत ते दिसत नाही. मी पुन्हा सगळे फोटो पाहिले. दिसतं.

आणि मग ती थांबली. अर्धा चेहरा घडलेला आणि अर्धा नुसता मातीचा गोळा. म्हणाली, डावी बाजू मला ठाऊक नाही. एकतीस वर्षं मी यांच्या उजवीकडे झोपले. (हे कारण तिने आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं आणि विचारलंही नसतं.)

माझ्याकडे यावर उपाय होता. उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटी करून डावीकडे लावायची, एक बटण. केलं, फोमच्या ठोकळ्यावर कोरून तिच्या हातात दिलं. तिने बराच वेळ पाहिलं, म्हणजे चाचपलं, आणि म्हणाली, "हा माणूस कोणाचाच नाही गं." मी म्हटलं, मग डावीकडे काय होतं? तर म्हणाली, "डावीकडे दादा बसायचा."

म्हणून हे पत्र. बावीस वर्षं दुकानातल्या एका खिडकीखाली, तुम्ही कोरायचं आणि काकांनी पॉलिश करायचं, त्यांचं स्टूल तुमच्या उजव्या हाताला. काकांचा डावा गाल जगात फक्त तुम्ही रोज पाहिला आहे. मला हवं ते असं. डावी भुवई उजवीपेक्षा वर होती का, आणि किती. डाव्या गालावर हसताना खळी पडायची की सुरकुती. आणि डाव्या जबड्याखाली एक व्रण होता, त्याची लांबी, दिशा आणि खोली. मावशीला तो आहे एवढंच माहीत आहे. काकांनी घरी सांगितलं होतं की कपाटाचं दार लागलं. मावशी म्हणते, कपाटाला एवढी धार नसते, पण यांना सांगायचं नव्हतं तर मी कशाला विचारू. छिन्नी कोणाची होती हा माझा प्रश्न नाही. मला फक्त लांबी, दिशा आणि खोली हवी आहे.

हे मी तुम्हाला लिहिते आहे हे मावशीला माहीत नाही. ती म्हणाली होती, त्याला नको विचारूस, त्याला सोसणार नाही. हे गेल्यावर दुकानाला कुलूप लावून गेला तो उगीच नाही गेला.

धाकटीला आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

तुमची भाची

ता.क. १. वर मापं मागितली आहेत. गालाचा उतार पत्रातून पाठवता येत नाही, हे मला पत्र सुरू करायच्या आधीपासून माहीत होतं. मी त्याच कामाचा पगार घेते.

ता.क. २. ठोकळा मशीनवरून उतरवून ठेवला आहे. उजवी बाजू मातीवरून मोजून पूर्ण कोरली आहे. डाव्या बाजूला आठ मिलिमीटर लाकूड जास्तीचं सोडलं आहे आणि तिथे उंदीर जाणार नाही. तुमच्या छिन्न्यांना मी धार लावलेली नाही, कारण दुसऱ्याने लावलेली धार तुम्हाला चालत नाही. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही असं तुम्ही लिहाल. आठ मिलिमीटर मी त्यासाठीच सोडले आहेत, एरवी तीन पुरले असते. मदत नको असं वर म्हटलं आहे, ते खोडते.

ता.क. ३. मावशीला माहीत नाही हेही खोडते. पत्र पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवलं, कारण तिच्याबद्दल तिच्या मागे लिहिणं मला जमलं नाही. झोपण्याबद्दलचं वाक्य काढ म्हणाली, मग म्हणाली राहू दे, दादाच आहे. व्रणाचं ऐकून म्हणाली, आठ महिने हा माणूस एवढ्यासाठी तोंड लपवून बसलाय का? तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "येताना दाढी करून ये. तू किती वाळलास ते मला बघायचंय." तिचं बघणं आता हातांनी असतं, हे तुम्ही गेल्यानंतरचं आहे, म्हणून कळवते.

बुधवार, एकवीस तारखेपर्यंत उत्तर पाठवावं.