सगळ्यांची कंबर बेचाळीस

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (गळ्यात टेप आणि पुढ्यात कात्री आहे, त्यामुळे नमस्कार बसूनच केला, गोड मानून घ्यावा.) गुडघा आता जिना चढू देतो ना? ताईचा खोकला गेला का? परमेश्वराच्या कृपेने इकडे सारे ठीक आहेत, निदान मी सोडून.

तुमच्या लेकीने दुकानातल्या सोळाशे बारा गिऱ्हाइकांची मापे डेटाबेसमध्ये भरून दिली आणि पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत पान कसे लिहायचे ते मला फोनवरून शिकवले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दाजी, मी गावच्या शाळेत पाढे म्हणत वाढलेला माणूस. त्या पानावर पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचे नाव टाकून बटण दाबले, आणि चार वर्षांपूर्वी घेतलेली छाती, बाही, कंबर डोळ्याचे पाते लवायच्या आत समोर उभी राहिली. मी खुर्चीतून उठून हात जोडले. (आमच्या कारागिराला वाटले, मालक आला. मालक मीच, हे तो अधूनमधून विसरतो.) पान एका ओळीची विचारणा आत धाडते, आतला कोणीतरी सोळाशे माणसांतून नेमका एक शोधून काढतो, तेही कुरकुर न करता! त्याच आनंदात मी मापांच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या.

मग तुमचा फोन आला, "माझी कंबर आता बेचाळीस कर रे." मी ओळ लिहिली, कंबर बेचाळीस करा. कोणाची, ते लिहायचे राहिले. लेकीने बजावले होते, "मामा, 'कोणाची' ही अट आधी, बाकीचं नंतर." पण मला वाटले, पान तुमचेच उघडे आहे, त्याला कळेल. बटण दाबले. उत्तर आले: १६०४ ओळी बदलल्या. (उरलेले आठजण मुळातच बेचाळीस होते.)

भीती नंतर वाटली, आधी मी थक्कच झालो. शाळकरी पोरे, नव्या नवऱ्या, वाळून काटकी झालेले निवृत्त मास्तर, सगळे एका दमात एकाच कंबरेचे! आपण रोज देवाजवळ नुसते 'सुख दे' म्हणतो, कोणाला ते सांगत नाही. तो बिचारा काय करत असेल, याचा मी दुपारभर विचार केला.

लेकीला फोन लावला. "मामा, आधीच्या मापांची प्रत काढून ठेवली होती ना?" मी तिला जेवलीस का, ते विचारले.

खरा घोर होता अग्निशमन दलाच्या बँडचा. रविवारी संचलन, एकतीस गणवेश शिवायचे, कापड टेबलावर येऊन पडलेले. एवढे मोठे काम दोन वर्षांत आले नव्हते; बिघडले असते तर दुकानाला कुलूपच. बँडमास्तर आले नि म्हणाले, "मापं आहेतच तुमच्याकडे, घाला कात्री!" मी खरे ते सांगितले. "बेचाळीस? अहो, आमचा बासरीवाला त्यात दोनदा गुंडाळला जाईल!" म्हणत ते हसले, आणि तासाभरात एकतीसही जणांना दुकानापुढे रांगेत उभे केले. मी एकेकाला टेप लावत गेलो. छातीची जुनी मापे पानावर शाबूत होती, ती ताडून पाहिली, तर एकोणीस जणांची जुळेनात. चार वर्षांत कोणी भरले होते, कोणी सुकले होते. माझ्या हातून चूक झाली नसती तर जुन्याच मापाने कापून बसलो असतो. गणवेश वेळेवर गेले, सगळ्यांना बसले. मी पुन्हा हात जोडले, या वेळी संगणकाच्या पडद्याला नव्हे.

कळावे, लोभ आहेच, तो सैलसरच ठेवावा.

आपला मेहुणा

ता. क. तुमची पँट शिवून तयार आहे, पण पाठवत नाही. ताईचा फोन आला होता. लेकीसमोर लाज वाटली म्हणून तुम्ही चार इंच कमी सांगितलेत म्हणे.

ता. क. दुसरा. तेव्हा येत्या रविवारी स्वतः या आणि श्वास सोडून उभे राहा. लेकीला काय आकडा सांगायचा, ते आपण दोघे मिळून ठरवू.