दोन कार्डांची सोय

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

कालच्या लग्नाचे फोटो पाहिले. नवरदेवाच्या मागचा मंडपाचा खांब लख्ख, नवरदेव धुक्यात! माझा कॅननचा जुना सिक्स-डी कॅमेरा बिचारा थकला. मीच सेकंडहँड घेतला होता, तेव्हा धाकटी बालवाडीत होती. आता ती मला इन्स्टा शिकवते.

नवा घ्यायचा. फुल-फ्रेमच, मोठ्या सेन्सरचा. पण सोनी की कॅनन? तीन आठवडे यूट्यूब बघतेय. एक माणूस अर्धा तास विटांच्या भिंतीचे फोटो काढून त्यांचे कोपरे मोठे करून दाखवतो. गेवराईत मला अजून कुणी भिंतीच्या लग्नाला बोलावलेलं नाही.

५ डिसेंबर

वडवणीहून धर्मराज आला. मामाचा मुलगा, त्यात फोटोग्राफर — म्हणजे सल्ला दुप्पट. "ताई, कावून सोनीच्या नादी लागलीस? कॅननच्या तीन लेन्स हायेत तुझ्याकडं. त्या काय विहिरीत टाकतीस? अडॅप्टर लाव, गुमान नांदतील."

बीडला तौसीफला फोन केला. कॅमेरे विकतो, भाड्यानेही देतो. "धर्मराजचं ऐकू नका ताई. त्याला सोताला नवी लेन्स घेववंना, म्हणून तुमाला जुन्यात बसवतोय. सोनीला टॅमरॉनची लेन्स लावा, सिग्माची लावा, लई पर्याय! आन् डोळा असा पकडतो, नकाबातला बी सुटत न्हाई."

दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत.

६ डिसेंबर

वहीत तक्ता केला. वजन, फोकस, लेन्स, अंधारातलं काम. पुढची ओळ 'दोन कार्डांची सोय'. कॅननच्या स्वस्तातल्या आर-एटला कार्डाचा एकच कप्पा आहे, म्हणून सगळे परीक्षक त्याच्यावर तुटून पडलेत. मला काय करायचेत दोन? माझी अर्धी कामं मुस्लिम घरांतली, बायकांच्या बाजूची. तिथे फोटो काढून झाले की कार्ड नवरीच्या आईच्या हातात ठेवून निघायचं. एक कार्ड द्यायचं असताना दोन कशाला!

त्या ओळीवर काट मारली.

८ डिसेंबर, रविवार

तौसीफने सोनी पाठवला, ए-सेव्हन-फोर. "मेहंदीच्या कामाला वापरून बघा, मग बोला."

प्रवीणला दारात उभं करून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. म्हणाला, "दोन्हीत म्हाताराच दिसतोय की. पैसे वाचव."

नवरा म्हणून ठीक आहे, परीक्षक म्हणून काही कामाचा नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

सईदाआपांच्या आरजूची मेहंदी. दारातच मोठी दुरडी — आलेल्या प्रत्येकीचा मोबाईल त्यात. कॅमेरा फक्त माझा. नऊ वर्षं या घरात येतेय. आपांच्या थोरलीच्या लग्नापासून.

सोनी काय चालतो! आरजू हसता हसता वळली, तरी डोळा धारदार. आवाजही नाही. सिक्स-डी खटॅक करायचा, की सगळ्या ओढण्या सावरून पुतळ्यासारख्या बसायच्या. आज कुणाला मी आठवलेसुद्धा नाही. आरजूची एक मावशी पलंगावर उभी राहून नाचली! पलंग मोडायचाच बाकी होता.

शेवटी कप्पा उघडून माझं कार्ड काढलं. शेजारी तौसीफचं एक कार्ड होतं, त्याला हात लावला नाही. आपांनी माझं कार्ड पानदानात टाकलं. "हिथं माझ्याबिगर कुनी हात घालत न्हाई. अल्बमची तू घाई करू नको, सवडीनं ये. हितंच बसून करू."

म्हणाल्या, "तुझ्यावानी दुसरी न्हाई मंगल. तुझ्याकडं काईच ऱ्हात न्हाई."

फुगून घरी आले.

१३ डिसेंबर

कॅमेरा परत. तौसीफला म्हटलं, सोनीच. तो म्हणाला, धर्मराजला मी सांगू का तुम्ही?

१७ डिसेंबर

सकाळी चहा घेत तो विटांच्या भिंतीवाला बघत होते. तो म्हणाला, लग्नाचं काम करणाऱ्यांनी दोन कप्प्यांशिवाय कॅमेरा घेऊच नये, कारण एकच फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरतो. एक कार्ड गेलं तरी सगळं शिल्लक.

सगळं शिल्लक.

मला वाटत होतं, पहिलं कार्ड भरलं की मग दुसरं वापरतात.

तौसीफला फोन केला. "हो मग, दोन्हीवर उतरंल अशीच सेटिंग ठेवतो मी. कुनाचं नुकसान नको." कॅमेरा कुठे आहे? "नारायणगडाला. कार्यक्रमाच्या शूटिंगला दुकानातला म्हाळू घेऊन गेलाय. परवा येईल."

म्हणजे आरजू, तिच्या मैत्रिणी, पलंगावरची मावशी — सगळ्या म्हाळूच्या गळ्यात लटकून नारायणगड फिरतायत!

आणि मी का नाही हात लावला त्या कार्डाला? दुसऱ्याची वस्तू म्हणून! केवढी मी सभ्य!

१९ डिसेंबर

बीडला जाऊन कार्ड आणलं. दुकानात पाठ करून पाहिलं. नऊशे फोटो मेहंदीचे, त्यांच्यामागे भगव्या पताका, टाळकरी, पंगत. म्हाळूला तौसीफने माझ्यासमोर फोनवर विचारलं. "मला कुठं येळ हाय बघायला? तिकडं जेवायला येळ न्हाई भेटला!" खरं असावं. पण 'असावं' हा शब्द मी आपांना कसा सांगू?

तौसीफसुद्धा गंभीर झाला होता. त्याचीही बहीण आहे. तरी म्हणाला, "ताई, पुसून टाकू. कुनाला कळनार न्हाई. सांगून काय भेटंल? काम जाईल तेवढं."

बसमध्ये तेच डोक्यात. न सांगितलं तर आपा सुखी, आरजू सुखी. सांगितलं तर सगळ्या जणी मनात मोजत बसणार, आपला कुठला फोटो कसा होता. मग सांगायचं ते त्यांच्यासाठी, की मला हलकं वाटावं म्हणून? गढी गावाच्या पुढे गाडी जाम झाली, तरी उत्तर येईना.

पण 'काईच ऱ्हात न्हाई' हे त्या पुन्हा म्हणाल्या, तर मला मान हलवावी लागेल.

२१ डिसेंबर, शनिवार

सांगितलं. पानदानासमोर बसून, सगळं. सोनी, दोन कप्पे, म्हाळू. कार्ड पुढे ठेवलं.

आपांनी विचारलं, "त्यानं बघितलं?" म्हटलं, नाही म्हणतो. खात्री नाही देता येत.

"तर मग कावून सांगितलंस?"

त्यांनी पानदानातून अडकित्ता काढला, कार्ड त्यात धरलं आणि सुपारीसारखं कातरलं. दोनदा. तुकडे मुठीत घेतले. चहा आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

निघताना माहेरी आलेली आरजू दारात होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार. "मावशीला नका सांगू," एवढंच म्हणाली.

२६ डिसेंबर

आपांचा फोन नाही. त्यांच्या नात्यातलं पुढच्या महिन्याचं काम होतं, तेही रद्द. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

कॅमेरा ठरवला. कॅनन आर-एट! एकच कप्पा. जगातल्या सगळ्या परीक्षकांनी ज्याला नावं ठेवली, तोच अवगुण पाहून घेतला. यापुढे चूक करायची म्हटलं तरी जागा नाही.

तौसीफ डोकं धरून बसला. "लग्नाच्या कामाला एक कार्ड? ताई, गिऱ्हाईकाला असला कॅमेरा द्यायला माझा हात धजंना." तरी दिला. धर्मराज मात्र उड्या मारतोय, माझ्यामुळेच घेतलास म्हणून. मारू दे.

उद्या उघडीन. आज मन लागत नाही.

२९ डिसेंबर

सकाळी सईदाआपांचा फोन. पानदानातलं कार्ड चुन्याच्या डबीत पडलं होतं. आठ-दहा दिवस ओल्या चुन्यातच. रुबीनाने, म्हणजे थोरलीने, धुऊन-पुसून लॅपटॉपला लावून पाहिलं. मेलं ते. "आन् दुसरं मीच कातरलं माझ्या हातानं. तू तरी सांगितलंस बाई. मला हे कळून बी चार दिवस तोंड उघडवंना."

आरजू सासरहून येतेय. पुढच्या रविवारी सगळ्या पुन्हा नटणार, मावशीसुद्धा.

"तो दोन कार्डवाला आण," आपा म्हणाल्या. "एक माझ्याकडं. एक तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

आर-एटच्या खोक्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही.