सहा सेकंदांचे बूट

दुइतामा, ३ मे १९५६

चि. क्लोदोमिरो यास थोरल्या एवारिस्तोचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सारे खुशाल. तुझे सायकलचे बूट बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवले आहेत. तुझी तीन बोटं कोरियाच्या बर्फात राहिली, म्हणून डाव्या बुटात त्या जागी चौदा मिलिमीटर जाडीचा लोकरीचा नमदा ठोकला आहे. तेरा नव्हे, पंधरा नव्हे. तिकडच्या दुकानदारांना दाखव आणि कुणाच्याही हाताखाली न शिकलेल्या माणसाने केलेत, असं मुद्दाम सांग.

सत्तावीस तारखेला चिकिंकिराच्या चौकात शर्यत संपते आणि पहिल्या तिघांना बिस्किट कारखाना आपल्या संघात पगारी घेतो, हे नक्की ना? लढाईहून आल्यापासून तू लोकांच्या गाईंचं दूध वाटतो आहेस. तुझी वहिनी म्हणते, तिसरा आलास तर कोंबडं कापू. चौथा आलास तर कोंबडं वाचलं.

लोभ असू दे, आणि बुटांना तेल.
एवारिस्तो

तुंहा, ८ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

बूट पोचले. दोन वर्षांत पहिल्यांदा डावा पाय पेडलवर सरकत नाही. दुकानदार आत हात घालघालून बघत होता.

आता रागावू नका. कोरियात त्या टेकडीवर खंदकात पाय लाकूड झाले, तेव्हा मी चिकिंकिराच्या चर्चमधल्या मातेला बोललो होतो, की पाय राखलेस तर तुझ्या दारी अनवाणी येईन. अजून जाणं झालं नाही. आधी इस्पितळ, मग दूध. आता शर्यतच तिच्या दाराशी नेते आहे. चढणीवर तिचीच जपमाळ पुटपुटतो. एक माळ संपते आणि माथा येतो. तिच्या जोरावर चढायचं आणि तिच्याच दारात बूट घालून उतरायचं? चौकाच्या तोंडाशी मी बूट काढणार. सोबतची पोरं मला वेडा म्हणतात, तुम्ही म्हणू नका.

वहिनींना नमस्कार. आपला लोभ हाच आधार.
क्लोदोमिरो

दुइतामा, १२ मे

चि. क्लोदोमिरो यास अ. आ. वि. वि.

पोरं खरं बोलतात. नाड्या सोडून दोन्ही बूट काढायला अडतीस सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजलं. अडतीस सेकंदांत तीन सोड, तीस जण पुढे जातील.

पाद्री आन्सोलांकडे गेलो. ते म्हणाले, नवस बदलून देता येतो. त्याऐवजी नऊ माळा आणि एका गरिबाला जेवण. वर हसून म्हणाले, की माळा तो म्हणेल हो, पण हेका तुमच्याच घरचा दिसतो. माझं म्हणणं, मातेने दहातली सातच बोटं राखली, तेव्हा तूही एकच बूट काढ. हे वाचून तुझ्या वहिनीने मला कान धरायला लावले.

उत्तर लवकर दे. लोभ आहेच, पण सध्या जरा तापलेला आहे.
एवारिस्तो

तुंहा, १५ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

पाद्रीबाबांचे आभार माना. पण बर्फात मी घासाघीस केली नव्हती, आता कशी करू? जी बोटं आहेत तीच मोजतो. चौथा आलो तर पुन्हा दूध वाटेन. तुमचे बूट वाईट म्हणून काढत नाही, एवढं मनात धरा.

राग गेला की लोभ करावा.
क्लोदोमिरो

दुइतामा, २२ मे

चि. क्लोदोमिरो यास अ. आ. वि. वि.

तार करून परत मागवलेले बूट आज पाठवतो आहे. नाड्या काढून टाकल्या. टाचेमागे पट्टा आहे. एक हिसका, की पाय बाहेर. सुटू नयेत असे बूट करण्यात माझी वीस वर्षं गेली, सुटावेत म्हणून केलेले हे पहिलेच. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बेचाळीस वेळा करून पाहिलं. दोन्ही मिळून सहा सेकंद. पेडलचे दात कानशीने घास, नाहीतर तळवे फाटतील.

लोभ पट्ट्याहून घट्ट आहे.
एवारिस्तो

चिकिंकिरा, २८ मे

ती. दादांस आणि वहिनींस सा. न. वि. वि.

तिसरा! कोंबड्याला सांगा.

चौघे एकदम चौकाच्या तोंडाशी आलो. मी पट्टे ओढले, बूट उडाले. शेजारच्याला वाटलं, आपल्याच सायकलचं काही निखळलं. तो खाली बघत राहिला आणि मी अनवाणी अर्ध्या चाकाने पुढे. नंतर त्याने मला आधी शिव्या दिल्या आणि मग मिठी मारली.

एक तारखेपासून मी कारखान्याचा माणूस. पण एका म्हाताऱ्या बाईने ते बूट उचलून मातेच्या वेदीपाशी नेऊन ठेवले. परत मागायची हिंमत झाली नाही.

लोभ करावा, आणि जमल्यास बूटही.
क्लोदोमिरो

दुइतामा, ४ जून

चि. क्लोदोमिरो यास अ. उ. आ. वि. वि.

पेपरात फोटो पाहिला. सगळं पाऊल दिसतं, माझी कारागिरी कुठेच नाही. म्हणून काल तुझ्या वहिनीला घेऊन चिकिंकिराला गेलो. लोकांनी नवसाचे चांदीचे पाय आणि कुबड्या वाहिल्या आहेत, त्यांत आपला जोड. आणि डावा बूट उजवीकडे! सरळ केला, रुमालाने पुसला. पट्टे ओढून पाहिले, अजून सहाच सेकंद.

माझ्या नावाची आणि दुकानाच्या पत्त्याची चिठ्ठी खिशात होती, चांगल्या अक्षरात लिहिलेली. तिथे कुठल्याच पायावर नाव नव्हतं. तशीच परत आणली.

कोंबडं कापलं, तुझी तंगडी वहिनीने राखली आहे. नव्या बुटांसाठी माप पाठवू नकोस. तुझे पाय मला पाठ आहेत.

लोभ आहेच.
एवारिस्तो