वरच्या वाडीचा अमृतमहोत्सव

महाड,
१८ जुलै २०२५

ती. बाबांस,
सप्रेम सलाम वि. वि.

प्रभूच्या कृपेनं आम्ही सगळे ठीक आहोत. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही नवं राहावं म्हणून कपाटात ठेवता, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

काल एसटी डेपोत चांगूदादा भेटला. आपल्या चर्चच्या मागच्या डोंगरावर तो रोज गुरं घेऊन जातो, म्हणून त्याचं बोलणं मी उडवून लावलं नाही. चर्चच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली आहे, त्यात त्याच्या वासराचा पाय अडकला, असं तो म्हणाला. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गुरांची वाट म्हणून हसलात म्हणे.

बाबा, दहा ऑगस्टला मंडळीचा अमृतमहोत्सव. मुंबईची माणसं धरून सगळी एकाच छपराखाली बसणार. तळीयेला दरड कोसळली तेव्हापासून पाऊस वाढला की शाळेत शिकवताना माझं लक्ष लागत नाही. उपासना खालच्या वाडीच्या शाळेत घ्या ना. पाळक विपुल यांना मी विचारलं. रावजी गुरुजी मंडळीचे जुने पंच, ते म्हणतील तसं करू, असं ते म्हणाले. म्हणजे सगळं तुमच्यावरच आहे.

श्रुतिका गीत पाठ करते आहे. आजोबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, त्यामुळे शेजारी वैतागले आहेत.

लोभ आहेच, पण या वेळी माझं ऐकावं ही विनंती.
तुमची नूतन


वरची वाडी, ता. पोलादपूर,
२३ जुलै

चि. नूतन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. लहानपणी तू गडगडाटाला घाबरून कणगीमागे लपायचीस, ती अजून तिथंच बसली आहेस असं वाटलं. चांगूचं मनावर घेऊ नकोस. त्याला दर पावसाळ्यात काहीतरी दिसतं.

इथं तयारी जोरात आहे. भिंतींना आतून चुना दिला. दार पावसानं फुगून अडकत होतं, ते मी रंधा मारून सारखं केलं. शेजारच्या जानूच्या घरचे भात रांधणार आहेत.

शाळेत उपासना घेण्याचं मात्र बोलू नकोस. भागूबाईला मी शब्द दिला आहे. हे चर्च उभं राहिलं त्या दिवशी पहिला बाप्तिस्मा झाला तो तिचा, तेव्हा ती पाळण्यातलं पोर होती. आता कमरेपासून अधू होऊन अंथरुणाला खिळली आहे. त्या दिवशी तिला खुर्चीवर बसवून वेदीसमोर न्यायचं ठरलं आहे. सुनेकडून नवं लुगडंही आणवलं तिनं. तिला कुठल्या तोंडानं सांगू?

श्रुतिकेला म्हणावं, मोठ्यानंच म्हण.
लेकीची वाट पाहणारा,
बाबा


महाड,
२८ जुलै

ती. बाबांस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं आणि रागही आला. भागूबाईंबद्दल मला माया नाही असं समजू नका. पण दार फुगलं असं तुम्ही लिहिता, आणि मला वाटतं चौकटच सरकली असेल. ते दार सागाचं आहे, बाबा. माझ्या आठवणीत कुठल्याच पावसाळ्यात ते अडकलं नाही.

तहसील कचेरीत जाऊन आले. माणूस पाठवतो म्हणाले. कधी, ते कुणी सांगेना.

एक बोलते, रागावू नका. आईची कबर चर्चच्या आवारात आहे म्हणून तिथून हलायचं म्हटलं की तुमचा पाय निघत नाही, हे मला कळतं. पण तिनंच आधी पोराबाळांना खाली धाडलं असतं. उपासना वर होणार असेल तर मी श्रुतिकेला आणणार नाही. तुम्ही एकदा वर जाऊन ती भेग नीट बघा, एवढं तरी करा.

तुमची,
नूतन


खालची वाडी,
४ ऑगस्ट

चि. नूतन हिस,
आशीर्वाद.

वरचा पत्ता बदललेला पाहून तुला कळलंच असेल. तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला रागच आला. आईचं नाव काढलंस म्हणून. मग चांगूला खोटं पाडायचं म्हणून त्याच्याबरोबर वर गेलो. भेगेत काठी घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि टेकली नाही. चांगूनं माझा दंड धरला आणि धरूनच ठेवला.

उतरताना चर्चमागचा झरा पाहिला. एवढ्या पावसात त्याचं पाणी आटलं होतं आणि जे येत होतं ते तांबडं, डोंगराच्या पोटातली माती घेऊन येणारं. मी दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधली आणि घरोघर फिरलो.

निम्मी माणसं लगेच निघाली. बाकीच्यांनी आधी मलाच वेड्यात काढलं. महिनाभर नाय म्हणत होतात, आता काय झालं गुरुजी, असं विचारलं. बरोबरच विचारलं. भागूबाई तर मी नाय येणार म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली. शेवटी चांगू आणि त्याच्या भावकीतल्या पोरांनी तिला डोलीत घालून आणली. सबंध वाट ती मला बोलत होती. मला ऐकू आलं नाही, पण तोंड दिसत होतं.

आता सगळे शाळेत आहोत. भीती वाटते गो. इतकी माणसं माझ्या शब्दावर घर सोडून आली आहेत.

श्रुतिकेला घेऊन ये. 
बाबा


महाड,
९ ऑगस्ट

ती. बाबांस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. किती हायसं वाटलं ते लिहिता येत नाही. पण श्रुतिकेला परवापासून ताप आहे. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले, तरी तिला सोडून निघवत नाही. चांगूदादाच्या हाती हे पत्र आणि दोन चादरी पाठवते आहे. एक भागूबाईंना द्या.

उद्या माझं सगळं लक्ष तिकडेच असेल.
नूतन


खालची वाडी,
१४ ऑगस्ट

चि. नूतन हिस,
आशीर्वाद. श्रुतिकेचा ताप उतरल्याचा निरोप मिळाला, देवाचे उपकार.

दहा तारखेला सकाळी काय झालं ते सांगतो. लख्ख ऊन पडलं. डोंगर धुतल्यासारखा, आणि त्यावर आपलं पांढरं चर्च. मुंबईहून आलेल्या मंगेशनं किल्ली मागितली. तासाभराची उपासना, दोन गीतं, लगेच खाली येऊ, असं म्हणाला. पाळकांनाही मोह झाला. नवं लुगडं नेसून बसलेल्या भागूबाईनं माझ्यापुढे हात जोडले. मलाही वर जायचं होतं, पोरी. तुझ्या आईला सांगायचं होतं की पंचाहत्तर वर्षं झाली.

मी किल्ली दिली नाही. मंगेश रागानं न जेवता गेला. उपासना शाळेच्या पडवीत झाली. चांगूच्या घरची माणसं मागं उभी राहिली. भागूबाईनं डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत.

डोंगर अजून उभा आहे. काल कचेरीचा माणूस येऊन गेला, भेग रुंद झाली म्हणाला, पावसाळाभर कुणी वर राहायचं नाही असं बजावलं. तरी लोक हसतातच. हसोत. सकाळी उठलो की पहिलं वर पाहतो आणि मी खोटा ठरावा म्हणून प्रार्थना करतो.

आज भागूबाईनं बोलावणं धाडलं. माझा हात ओढून छातीशी घेतला आणि काहीतरी म्हणाली. यंत्र कानात नव्हतं. सुनेला विचारलं तर ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, सगळी नातवंडं एका ओळीत निजलेली पाहून मला झोप लागते, असं आत्या म्हणते. मग भागूबाईनं गीत सुरू केलं. मला सूर कळेना, म्हणून ती माझ्या तळहातावर ताल धरत राहिली, आणि मी तिच्याबरोबर गायलो.

तुम्हा सर्वांना उराशी धरून,
बाबा